दोन ताऱ्यांचा एक प्रकाश : निकट युग्मताऱ्यांच्या वर्णगोलाचे मोजमाप

(नवी मुंबईतील विज्ञानप्रेमी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

डिसेंबर महिन्यातील एखाद्या संध्याकाळी वाशी किंवा कोपरखैरणे येथील इमारतीच्या गच्चीवरून ईशान्येकडे पाहिले असता पारसिकच्या डोंगररांगेवर एक पिवळसर, तेजस्वी तारा वर येताना दिसतो. नगरातील दिव्यांच्या झगमगाटात आकाशातील बहुतेक तारे लोपून गेलेले असले, तरी हा तारा लोपत नाही. सारथी तारकासमूहातील हा तारा म्हणजे ब्रह्महृदय. जानेवारीच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास तो उत्तर आकाशात चांगलाच उंचावर येतो. डोळ्यांना तो एक दिसतो. सामान्य दुर्बिणीतून पाहिले तरी तो एकच दिसतो. वस्तुतः ते दोन तारे आहेत. ते एकमेकांपासून सूर्य आणि पृथ्वी यांच्यातील अंतरापेक्षाही कमी अंतरावर असून १०४ दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. त्या दोहोंपैकी एकाच्या पृष्ठभागावर आपल्या सूर्यापेक्षा पुष्कळच अधिक चुंबकीय खळबळ चालू असते.

सुमारे ४३ प्रकाशवर्षे अंतरावरील एका प्रकाशबिंदूविषयी एवढे सारे कसे कळते, आणि ते कळून घेण्याचा माणसाला उपयोग काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यास वाट थेट महाराष्ट्राच्या भूमीवरून जाते, हे अनेकांना आश्चर्याचे वाटेल.

एका ग्रहणाची वाट

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणच्या किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनचे पठार ओलांडून वऱ्हाड व मध्य प्रांताच्या दिशेने निघून गेली. त्या वेळी मुंबई-पुण्याकडे प्लेगने थैमान घातले होते. तरीही देशोदेशींचे ज्योतिर्विद या छायेच्या वाटेवर आपापली उपकरणे मांडून बसले होते. विजयदुर्ग येथे सर नॉर्मन लॉकियर यांची तुकडी होती. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही जेऊर हेच ठिकाण निवडले होते. वऱ्हाडातील तळणी येथे जॉन एव्हरशेड, तर वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे केंब्रिजचे ह्यू न्यूऑल होते.

विजयदुर्ग किल्ल्यात साहेबाच्या नावाने ओळखले जाणारे ओटे आजही दाखवले जातात. त्यांचा संबंध अनेकदा १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाशी आणि हेलियमच्या शोधाशी जोडला जातो. इतिहासाच्या दृष्टीने येथे थोडी दुरुस्ती आवश्यक आहे. १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्येच होते. त्या ग्रहणाचे गाजलेले निरीक्षण फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून केले, आणि लॉकियर यांनी त्याच वर्षी पुढे इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाही, सूर्याच्या कडेवरील तेजस्वी रेषा पाहिल्या. विजयदुर्गास ते आले १८९८ मध्ये. विजयदुर्गाचे महत्त्व या दुरुस्तीने तसूभरही कमी होत नाही. ते केवळ योग्य वर्षाशी जोडले जाते.

या सर्व मंडळींना पाहायचे होते ते मुख्यतः सूर्याचे बाह्य आवरण. आपल्याला दिसणारी सूर्याची तेजस्वी तबकडी म्हणजे दीप्तिगोल. त्याचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस असते. त्याच्यावर सुमारे दोन हजार किलोमीटर जाडीचा विरळ, तांबूस वायूचा थर आहे. त्याला वर्णगोल म्हणतात. हे नाव लॉकियर यांनीच दिले. त्याच्याही पलीकडे लक्षावधी अंश तापमानाचा किरीट पसरलेला आहे. दीप्तिगोलाच्या झळाळीपुढे वर्णगोल एरवी दिसत नाही. चंद्राने दीप्तिगोल पूर्णपणे झाकला, की काही क्षणच चंद्राच्या कडेवर वर्णगोलाची तांबडी कोर चमकते. त्या क्षणी वर्णपटदर्शकातून पाहिल्यास एक विलक्षण दृश्य दिसते : सूर्याच्या वर्णपटातील ज्या रेषा एरवी काळ्या असतात, त्या एकाएकी तेजस्वी होऊन उजळतात. यालाच क्षणदीप्त वर्णपट म्हणतात. १८७० मध्ये अमेरिकेतील यंग यांनी तो प्रथम पाहिला. १८९८ च्या जानेवारीत खग्रास स्थिती अवघी दोनेक मिनिटे टिकली, आणि एवढ्याशा काळातील या झळकीची छायाचित्रे घेण्यासाठी माणसे समुद्र ओलांडून आली होती.

या ग्रहणानंतर दीड-दोन वर्षांच्या आतच, १८९९ मध्ये, कॅम्बेल यांनी लिक वेधशाळेतून आणि न्यूऑल यांनी केंब्रिजहून, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ब्रह्महृदयाच्या वर्णपटाचा अभ्यास केला. त्या वर्णपटातील रेषा ठरावीक कालाने दुभंगतात व पुन्हा एकत्र येतात, असे दोघांच्याही ध्यानात आले. ज्याला एक तारा मानले जात होते ते तारायुग्म होते. जेऊर आणि पुलगाव येथे सूर्याच्या रेषा पाहणाऱ्या दोघांनी दोन वर्षांच्या आतच एका दूरच्या ताऱ्याच्या रेषांमधून त्याचे दुहेरी रूप ओळखले. त्या वेळी त्यांना हे ठाऊक नव्हते, की सूर्याच्या कडेवर पाहिलेला तो तांबूस थर ब्रह्महृदयावरही आहे आणि तो सूर्याहून पुष्कळ अधिक प्रखर आहे.

विहिरीच्या तळाचा दिवा

ताऱ्यावर ग्रहण पाहून त्याचा वर्णगोल शोधण्याची सोय नाही. तारा हा बिंदू. त्याला कड अशी दिसतच नाही. मग वर्णगोलाचा प्रकाश दीप्तिगोलाच्या प्रकाशातून वेगळा कसा काढावयाचा? याचे उत्तर वर्णपटातील काळ्या रेषांनीच दिले.

जर्मनीतील फ्राउनहोफर यांनी १८१४ च्या सुमारास सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांची पद्धतशीर नोंद केली. या रेषा म्हणजे सूर्याच्या बाहेरील थरांतील मूलद्रव्यांनी शोषून घेतलेला प्रकाश होय, हे १८५९ च्या सुमारास किर्खहोफ व बुन्सेन यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले. जांभळ्या टोकाला ‘एच’ व ‘के’ अशा दोन फार रुंद आणि खोल रेषा आहेत. त्यांची तरंगलांबी अनुक्रमे ३,९६८ व ३,९३४ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. या दोन्ही रेषा कॅल्शियमच्या, एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंमुळे उमटतात.

या रेषांच्या मध्यावर शोषण इतके प्रबळ असते, की दीप्तिगोलाचा प्रकाश तेथून जवळजवळ बाहेर येऊच शकत नाही. तेथे काळोख असतो. त्या काळोखातून जो काही प्रकाश दिसतो, तो वरच्या थराचा, म्हणजेच वर्णगोलाचा. भर दुपारी अंगणात लावलेली पणती दिसत नाही. तीच पणती खोल विहिरीच्या तळाशी ठेवली तर वरून डोकावणाऱ्याला तिची ज्योत स्पष्ट दिसते. ‘के’ रेषेची काळी दरी ही अशीच विहीर आहे, आणि तिच्या तळाशी दिसणारा लहानसा तेजस्वी उंचवटा ही वर्णगोलाची पणती आहे. जेथे चुंबकीय क्षेत्र प्रबळ असते तेथे वर्णगोल अधिक तापतो व ही ज्योत मोठी होते. म्हणूनच तिचे मोजमाप हे ताऱ्याच्या चुंबकीय सक्रियतेचे मोजमाप ठरते.

१९१३ मध्ये एबरहार्ट व श्वार्झशिल्ड या जर्मन ज्योतिर्विदांनी काही ताऱ्यांच्या ‘एच’ व ‘के’ रेषांच्या मध्यावर अशी ज्योत पाहिल्याचे नमूद केले. त्यांत स्वाती व रोहिणी हे सर्वपरिचित तारे होते, आणि मिथुन राशीतील सिग्मा हा फारसा कोणाला ठाऊक नसलेला ताराही होता. हा सिग्मा तारा म्हणजे सुमारे १९.६ दिवसांच्या कालावधीचे युग्म आहे. निकट युग्मताऱ्यांचे वर्णगोल विशेष सक्रिय असतात, या पुढे सिद्ध झालेल्या गोष्टीची चाहूल त्या पहिल्याच नोंदीत होती.

या अभ्यासात एका भारतीय ज्योतिर्विदाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. ऑलिन विल्सन यांच्यासमवेत वेणू बाप्पू यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले, की ‘के’ रेषेतील ज्योतीच्या रुंदीवरून ताऱ्याची मूळ तेजस्विता सांगता येते. हा ‘विल्सन-बाप्पू परिणाम’ म्हणून जगभर ओळखला जातो. पुढे विल्सन यांनी १९६६ पासून माउंट विल्सन येथे अनेक ताऱ्यांच्या ज्योतींची नियमित मोजणी सुरू केली. ‘एच’ व ‘के’ रेषांच्या मध्यावरील सुमारे एक अँगस्ट्रॉम रुंदीच्या पट्ट्यांतील प्रकाश मोजावयाचा, आणि त्याची तुलना दोन्ही बाजूंच्या वीस-वीस अँगस्ट्रॉम रुंदीच्या पट्ट्यांतील प्रकाशाशी करावयाची, ही त्यांची पद्धत. या गुणोत्तरावर दुर्बिणीचा आकार वा त्या रात्रीची हवा यांचा फारसा परिणाम होत नाही. तीन दशकांहून अधिक काळ चाललेल्या या उपक्रमातून, सूर्याला जसे सुमारे अकरा वर्षांचे डागांचे चक्र आहे तशीच चक्रे इतर ताऱ्यांनाही असतात, हे निर्विवादपणे कळले.

जोडीचे ऋण

सूर्यासारखा एकटा तारा तरुणपणी वेगाने फिरत असतो. त्याच्या अंतर्भागातील तप्त वायूची उलथापालथ आणि हे परिभ्रमण यांतून चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. हेच क्षेत्र ताऱ्यापासून वाहणाऱ्या वाऱ्यामार्फत त्याच्या परिभ्रमणाला हळूहळू लगामही घालते. वय वाढते तसा वेग मंदावतो, आणि वेग मंदावला की चुंबकीय सक्रियताही ओसरते. कृत्तिकांचा तारकागुच्छ, रोहिणीजवळील हायडीज गुच्छ आणि सूर्य यांची तुलना करून स्कुमानिच यांनी १९७२ मध्ये हा क्रम दाखवून दिला. आज सूर्याला आपल्या विषुववृत्तावर एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे २५ दिवस लागतात.

निकट युग्मात मात्र हा क्रम मोडतो. चंद्राने जसे आपले तोंड पृथ्वीकडे कायम राखले आहे, तसेच भरती-ओहोटीच्या प्रेरणांमुळे या युग्मातील तारे एकमेकांना बांधले जातात. कक्षेत फिरण्याचा काल आणि स्वतःभोवती फिरण्याचा काल सारखाच होतो. कक्षाकाल तीन दिवसांचा असेल, तर ताऱ्यालाही स्वतःभोवती तीन दिवसांतच फिरावे लागते. वय झाले म्हणून त्याला मंदावता येत नाही. त्यामुळे उतारवयातला, फुगलेला ताराही तरुण ताऱ्यासारखा सक्रिय राहतो. डग्लस हॉल यांनी १९७६ मध्ये अशा युग्मांचा एक स्वतंत्र वर्ग निश्चित केला. श्यामशबल तारकासमूहातील ज्या ताऱ्यावरून या वर्गाला नाव मिळाले, त्या युग्माचा काल सुमारे ४.८ दिवस आहे. वर्णगोल सक्रिय असलेल्या युग्मांची पहिली मोठी सूची १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत १६८ युग्मे होती. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत ही संख्या ४०९ झाली.

ब्रह्महृदयाचे दोन तारे एकमेकांपासून तुलनेने दूर आहेत. म्हणून या वर्गात त्याची गणना दीर्घकालीन युग्मांत होते. त्यातील अधिक तप्त तारा अजून जोडीदाराशी बांधला गेलेला नाही. तो सुमारे साडेआठ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, आणि युग्मातील वर्णगोलाचा बराचसा प्रकाश त्याचाच असतो.

वृषभ राशीतील एच.आर. १०९९ हे युग्म या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. गावाकडच्या काळोख्या आकाशात ते जेमतेम डोळ्यांना दिसते. त्याचा काल केवळ २.८४ दिवस. त्यातील थंड ताऱ्याचा वर्णगोल इतका प्रखर आहे, की ६,५६३ अँगस्ट्रॉमवरील हायड्रोजनची जी तांबडी रेषा सूर्यात काळी दिसते, ती येथे प्रायः तेजस्वी दिसते. सूर्यावरील डाग ऐन बहराच्या काळातही पृष्ठभागाचा एक शतांशही भाग व्यापत नाहीत; अशा ताऱ्यांवर मात्र डागांचे क्षेत्र पृष्ठभागाच्या मोठ्या हिश्श्याला व्यापू शकते. १९८३ मध्ये व्होग्ट व पेनरॉड यांनी या ताऱ्याच्या वर्णपटरेषांच्या आकारात होणाऱ्या बदलांवरून त्याच्या पृष्ठभागावरील डागांचा नकाशाच तयार केला.

वजनकाट्याचा न्याय

आता प्रत्यक्ष मोजमापाकडे वळता येईल. अडचण अशी, की दुर्बिणीत येणारा प्रकाश दोन ताऱ्यांचा मिश्र प्रकाश असतो. आणि त्या प्रत्येकात पुन्हा दीप्तिगोलाचा वाटा प्रचंड व वर्णगोलाचा अल्प असतो. चार वाट्यांचे हे मिश्रण वेगळे करावयाचे असते.

पहिले साहाय्य मिळते गतीचे. कक्षेत फिरताना एक तारा पृथ्वीकडे येत असतो तेव्हा दुसरा दूर जात असतो. जवळ येणाऱ्याच्या रेषा जांभळ्या टोकाकडे सरकतात, दूर जाणाऱ्याच्या तांबड्या टोकाकडे. सेकंदाला शंभर किलोमीटर वेग असेल, तर ‘के’ रेषा सुमारे १.३ अँगस्ट्रॉम सरकते. वर्णपटलेखकाने प्रकाश पुरेसा विस्तारला, तर एकाच दरीत दोन ज्योती वेगवेगळ्या दिसू लागतात, आणि कोणती ज्योत कोणत्या ताऱ्याची हे त्यांच्या हालचालीवरून निश्चित करता येते. दोन्ही तारे दृष्टिरेषेत एकामागे एक आले, की ज्योती एकमेकींत मिसळतात. म्हणून एका रात्रीचा वर्णपट पुरत नाही. कक्षेच्या निरनिराळ्या टप्प्यांवरील वर्णपट घ्यावे लागतात. प्रत्येक वर्णपटाबरोबर थोरियम-आर्गॉन दिव्याच्या प्रकाशाची नोंद घ्यावयाची असते. या दिव्याच्या रेषांच्या तरंगलांब्या नेमक्या ठाऊक असल्याने त्याच मोजपट्टीचे काम करतात.

दुसरे साहाय्य मिळते वजाबाकीचे. तुर्भे येथील बाजार समितीच्या आवारात मालमोटार भरलेली असताना काट्यावर तोलतात, माल उतरल्यावर रिकामी तोलतात, आणि दोन्ही वजनांतील फरक हे मालाचे वजन मानतात. ताऱ्यांच्या बाबतीत हाच न्याय लावला जातो. युग्मातील दोन्ही ताऱ्यांच्या जातीचे, परंतु शांत वर्णगोल असलेले दोन एकटे तारे निवडावयाचे. त्यांच्या वर्णपटरेषा, युग्मातील ताऱ्यांच्या परिभ्रमणामुळे जितक्या रुंदावल्या असतील तितक्या गणिताने रुंद करावयाच्या, त्यांच्या गतीनुसार सरकवावयाच्या, आणि दोहोंच्या प्रकाशाच्या प्रमाणात त्यांची बेरीज करावयाची. हा झाला ‘रिकाम्या गाडीचा’ कृत्रिम वर्णपट. प्रत्यक्ष युग्माच्या वर्णपटातून तो वजा केला, की उरतो तो सक्रिय वर्णगोलाचा अतिरिक्त प्रकाश. ही पद्धत १९८० च्या दशकापासून रूढ झाली. तिच्यामुळे ज्या ताऱ्यांत हायड्रोजनची रेषा तेजस्वी दिसत नाही, केवळ किंचित उथळ झालेली असते, त्यांतील दडलेली सक्रियताही उघड होते.

परंतु हा काटा फार जपून वापरावा लागतो. ‘रिकामी गाडी’ म्हणून निवडलेला तारा स्वतःच थोडा सक्रिय असेल, तर उत्तर कमी येते. तप्त जोडीदाराचा निळा प्रकाश फार असेल, तर थंड ताऱ्याची ज्योत त्यात फिकी पडते आणि सक्रिय तारा शांत असल्याचा भास होतो. हायड्रोजनच्या रेषेच्या आसपास पृथ्वीवरील हवेतील बाष्पाच्या रेषा मिसळतात. म्हणून अनुभवी निरीक्षक एकाच रेषेवर विसंबत नाहीत. कॅल्शियमच्या जांभळ्या रेषा, हायड्रोजनची तांबडी रेषा आणि कॅल्शियमच्या ८,४९८, ८,५४२ व ८,६६२ अँगस्ट्रॉमवरील तीन अवरक्त रेषा एकाच वेळी पाहिल्या, तर वर्णगोलाच्या निरनिराळ्या उंचीवरील थरांची साक्ष मिळते. मॅग्नेशियमच्या २,७९६ व २,८०३ अँगस्ट्रॉमवरील रेषा या कामी उत्तम. परंतु पृथ्वीचे वातावरण त्यांना खाली येऊ देत नाही. १९७८ ते १९९६ या काळात कार्यरत असलेल्या आंतरराष्ट्रीय जंबुपार उपग्रहाने ही उणीव मोठ्या प्रमाणावर भरून काढली.

कुलाब्याची नोंद, पनवेलची राखण

दूरच्या युग्मताऱ्यांची ही उस्तवार कशासाठी, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर नवी मुंबईपासून फार दूर नाही.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांनी सूर्यावरील डागांजवळ एक तीव्र उद्रेक पाहिला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले आणि युरोप-अमेरिकेतील तारयंत्रे कोलमडली. त्या दिवशी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकसूचीची वाचने घेतली जात होती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद त्या वह्यांत झाली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ मध्ये हे चुंबकीय निरीक्षणाचे काम अलिबागला नेण्यात आले. त्या परंपरेची वारस असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था हिचे मुख्यालय आज नवी मुंबईत, नवीन पनवेल येथे आहे. कुलाब्याच्या १८५९ च्या त्या नोंदींचा आधार घेऊन या संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसमवेत २००३ मध्ये त्या वादळाचे नव्याने विश्लेषण केले. ज्या कर्मचाऱ्यांनी ती वाचने वहीत उतरवली, त्यांना त्यांचे मोल कळण्याचा काही मार्ग नव्हता. ते कळण्यास १४४ वर्षे लागली.

१३ मार्च १९८९ रोजी अशाच एका, परंतु लहान वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास बंद पडली होती. मे २०२४ मधील वादळात लडाखमधील हानले येथून ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांना अशा वादळांचा धोका ध्रुवीय देशांपेक्षा कमी असतो, हे खरे. तथापि उपग्रह, दळणवळण आणि विमानवाहतूक यांवर अवलंबून असलेल्या आजच्या जीवनात त्याकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे नाही. ज्या राज्याच्या विजेच्या जाळ्याचे नियंत्रण ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रातून क्षणोक्षणी केले जाते, त्या राज्यात सूर्याचा स्वभाव हा केवळ पंडितांचा विषय राहत नाही.

सूर्याचा उद्रेक जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकेल? केवळ सूर्य पाहून याचे उत्तर मिळत नाही. त्याची नेमकी नोंद ठेवण्यास माणसाला अवघी काही शतके मिळाली आहेत. म्हणून इतर ताऱ्यांकडे जावे लागते. निकट युग्मताऱ्यांवरील उद्रेक सूर्याच्या मोठ्यात मोठ्या उद्रेकाच्या हजारो पट, क्वचित लक्षावधी पट असतात. सुदैवाने सूर्याला असा जोडीदार नाही, आणि तो संथ फिरतो. परंतु २०१२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी केपलर अवकाश दुर्बिणीच्या १२० दिवसांच्या निरीक्षणांतून सूर्यासारख्या सुमारे ८३,००० ताऱ्यांची छाननी केली, तेव्हा १४८ ताऱ्यांवर ३६५ महाउद्रेक आढळले, आणि त्यांतील काही तारे संथ फिरणारे होते. परिभ्रमण, चुंबकत्व आणि उद्रेक यांचे नाते निश्चित करावयाचे, तर ज्यांचे परिभ्रमण नेमके ठाऊक आहे असे तारे हवेत. आणि ते निकट युग्मांइतके नेमके दुसरीकडे क्वचितच कळते. युग्मतारे हे निसर्गाने मांडून ठेवलेले प्रयोग आहेत.

खंडित आणि अखंड

जेऊरला ग्रहण पाहणाऱ्या नायगमवालांच्या पुण्यातील वेधशाळेला भावनगरच्या महाराजांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली होती. तेथील वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. ताऱ्यांच्या वर्णपटाचा अभ्यास हेच त्या वेधशाळेचे मुख्य प्रयोजन होते. तथापि तिचा सारा भार एका व्यक्तीवर होता. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. ज्या वर्षी पुण्यातील हे दार मिटले, त्याच्या पुढच्याच वर्षी ताऱ्यांच्या ‘एच’ व ‘के’ रेषांतील ज्योतींची पहिली नोंद युरोपात प्रसिद्ध झाली.

कोडाईकॅनालचा इतिहास याच्या उलट आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून तेथे सूर्याची ‘के’ रेषेतील छायाचित्रे घेण्याचा क्रम सुरू झाला, आणि तो अनेक पिढ्यांच्या निरीक्षकांनी पुढे चालू ठेवला. तळणीला ग्रहण पाहणारे एव्हरशेड हे त्याच वेधशाळेचे पुढे संचालक झाले. कोडाईकॅनालची ती छायाचित्रे आज सूर्याच्या शतकभराच्या सक्रियतेचा जगातील एक महत्त्वाचा दस्तऐवज ठरली आहेत.

पुण्यात पडलेला खंड भरून निघण्यास बराच काळ लागला. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या परिसरात आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र स्थापन झाले, डॉ. जयंत नारळीकर हे त्याचे संस्थापक-संचालक. २००६ मध्ये पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवरील गिरवली येथे या केंद्राची दोन मीटर व्यासाची दुर्बीण व तिच्यावरील वर्णपटलेखक कार्यान्वित झाले. पुढे याच केंद्राच्या नेतृत्वाखाली सूर्याची जंबुपार छायाचित्रे घेणारी दुर्बीण तयार झाली. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘आदित्य-एल१’ यानावर ती बसवलेली आहे. मॅग्नेशियमच्या २,७९६ व २,८०३ अँगस्ट्रॉमवरील रेषा आणि कॅल्शियमची ‘एच’ रेषा यांसाठी तिच्यात स्वतंत्र गाळण्या आहेत. ज्या वर्णगोलाची क्षणभराची झळक पाहण्यासाठी १८९८ मध्ये विजयदुर्ग व जेऊर येथे तंबू उभारले गेले, तो आता पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून, ग्रहणाची वाट न पाहता, न्याहाळता येतो.

तरीही साधने सुधारली म्हणून धीराची गरज संपलेली नाही. सूर्याचे चक्र अकरा वर्षांचे. कित्येक युग्मताऱ्यांची चक्रे याहूनही दीर्घ. ती मोजण्यास एका संशोधकाचे आयुष्य अपुरे पडते. येथे कामास येते ती एकाच पद्धतीने, एकाच मोजपट्टीने, वर्षानुवर्षे ठेवलेली नोंद, आणि एक निरीक्षक निवृत्त झाला की दुसऱ्याने त्याची वही हाती घेण्याची व्यवस्था. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना या कामात भाग घेता येतो. लहान दुर्बिणीला साधी विवर्तन जाळी जोडली, तर ब्रह्महृदयाचा वर्णपट नवी मुंबईच्या उजळलेल्या आकाशातूनही दिसू शकतो. त्यातील ज्योती मोजण्यास मोठी उपकरणे लागतात हे खरे. पण निरीक्षणाची तारीख, वेळ आणि हवेची स्थिती शिस्तीने लिहून ठेवण्यास केवळ एक वही लागते. कुलाब्याच्या कर्मचाऱ्यांनी १८५९ मध्ये जी वही लिहिली, तिच्यापासून हाच धडा घ्यावयाचा आहे.